मसाटचा बदली दंड

"हृदयविकार दमणगंगेच्या पाण्यात बुडून मेला आहे," डॉ. अविनाश खैरनारांनी उजवा हात उंचावून जाहीर केलं.

"हात खाली घ्या, वर पंखा चालू आहे," त्यांच्या पत्नी मीनाक्षीताई म्हणाल्या आणि त्यांनी ताटात आणखी एक पोळी वाढली.

सिल्वासातल्या त्या भाड्याच्या घराचं छत बुटकं होतं, त्यामुळे मोठे सिद्धांत तिथे बसूनच मांडावे लागत. पण १९९१च्या त्या हिवाळ्यात डॉक्टरांना बसवत नव्हतं. मसाटच्या एका दोऱ्याच्या कारखान्यात ते वर्षभर कामगारांचा रक्तदाब मोजत होते. कामगार विशीतला असो की पन्नाशीचा, तंबाखू मळणारा असो की सुपारीलाही न शिवणारा, दाब सगळ्यांचा सारखाच, पाठ्यपुस्तकात छापावा असा. यावर लिहिलेला निबंध वाचायला त्यांना नाशिकच्या वैद्यकीय अधिवेशनाचं बोलावणं आलं होतं, आणि अध्यक्ष होते कॉलेजातले त्यांचेच सर. खैरनार सिल्वासाला निघाले तेव्हा "एवढं शिकून दवाखान्याला हेच जंगल सापडलं का?" असं विचारणारे सर. त्या एका प्रश्नाचं उत्तर डॉक्टर इतकी वर्षं तयार करत होते.

मीनाक्षीताई लग्नाआधी मुंबईला कॅन्सरच्या रुग्णालयात नर्स होत्या. त्यांचं स्वतःचं वेगळंच विद्यापीठ चालू होतं. कामगारांच्या खोल्यांमधल्या बायकांना त्या तोंडाचा कॅन्सर वेळेत ओळखायला शिकवत: बॅटरी मारायची, गाल, जीभ, हिरड्या बघायच्या, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली की माणूस दवाखान्यात धाडायचा. एकमेकींची तोंडं बघून बायका कंटाळल्या, कारण ती त्यांनी नळावर पुरेशी बघितलेली होती. म्हणून एकदा ताईंनी त्यांना कारखान्यातच नेलं. दंड डॉक्टर बघतील, तोंड बायका बघतील, असं ठरलं.

कारकुनानं "चिंधा" असा पुकारा केला. एक तगडा गडी आत आला आणि सवयीनं बाही वर सारून बसला. डॉक्टरांची नजर पाऱ्यावर. ती तिथून कधी हलत नसे. शास्त्रात पाऱ्याला महत्त्व असतं, चेहऱ्याला नाही. पारा थांबला, अगदी आदर्श जागी.

"तानूबाई, आता तुम्ही तोंड बघा," डॉक्टर बॅटरी घेऊन पुढे उभ्या असलेल्या बाईला म्हणाले.

"मी नाही बघणार."

"का हो?"

"चिंधा माझा नवरा आहे, सायेब. नाव माझ्या नवऱ्याचं घेता अन् तोंड दुसऱ्याचं दाखवता."

बायकांनी पदर तोंडात कोंबले. डॉक्टरांनी वर्षात पहिल्यांदाच मान वर करून दंडाच्या मालकाकडे पाहिलं.

"तू चिंधा ना?"

"आज चिंधा, सायेब."

"आणि मागच्या खेपेला?"

"सुकदेव. जेवणाच्या सुट्टीनंतर मधुकर."

त्याचं खरं नाव समाधान. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्याचं प्रेशर वाढलेलं निघेल त्याला कामावरून काढणार, अशी कोणीतरी आवई उठवली होती. कारखान्यात बदलीची रीत जुनीच. एखाद्याच्या बहिणीचं साक्रीला लग्न निघालं की दुसरा त्याच्या नावावर पाळी करतो आणि यंत्र काही तक्रार करत नाही. एका घाबरलेल्या मित्रासाठी समाधाननं असाच दंड पुढे केला, तो उत्तम निघाला, आणि मग सगळ्या कारखान्यानं तोच वापरायला घेतला.

"पाळीला बदली चालते, मग दंडाला का नाही?" त्यानं भोळेपणानं विचारलं. वैद्यकशास्त्रात याचं उत्तर अजून कोणी लिहिलेलं नव्हतं.

तानूबाई मात्र हसत नव्हती. ती उठली, यंत्रांमध्ये गेली आणि अस्सल चिंधाला मनगटाला धरून घेऊन आली. तिनं बॅटरी मारली. जिथे तो तंबाखूचा बार धरायचा, त्याच गालात आत पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, तर पारा वर्षभरात चढला नव्हता इतका वर चढला.

दोन दिवस डॉक्टर वर्षभराच्या नोंदी चाळत बसले. मीनाक्षीताईंनी वाट पाहिली आणि मग त्या म्हणाल्या, "एका माणसाचं हृदय वर्षभर इतकं बारकाईनं जगात कोणी मोजलं नसेल. आता बाकीच्यांची मोजा."

डॉक्टरांनी मॅनेजर अनंतरावांना गाठलं. प्रेशरपायी कोणाला काढणार नाही, असा शब्द त्या पुणेकरानं दिला, पण कामगारांनी साहेबांचे शब्द याआधीही ऐकले होते. तेव्हा डॉक्टरांनी फाटकाशी, सगळ्यांच्या देखत, पहिला पट्टा अनंतरावांच्याच दंडाला बांधला. आकडा मोठ्यानं वाचला. कारखान्यात त्याहून मोठा आकडा पुढेही कोणाचा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी अनंतराव नेहमीच्या वेळेला नेहमीच्या खुर्चीत दिसले, आणि साहेबाचं वाढलं तरी साहेब शाबूत, मग आपल्याला काय होतंय, असा विचार करून कामगारांनी आपापले खरे दंड उघडे केले.

कारखान्याच्या वर्कशॉपपासून शेजारच्या राखोली-रांधा गावांतल्या कामगारांच्या खोल्यांपर्यंत बायका पुढे आणि डॉक्टर मागे, अशी वरात फिरू लागली. तानूबाई दार वाजवायची, नवरे लपायचे, बायका त्यांना बाहेर काढायच्या. मीनाक्षीताईंच्या शिष्या आता चट्टा आणि चुन्यानं भाजलेली जागा यांतला फरक सांगू लागल्या होत्या. चिंधाला मुंबईला पाठवलं. चट्टा लहान होता तोवरच काढला गेला. तो गाल शिवून परत आला, बोलू लागला, आणि तानूबाई खोल्याखोल्यांतून सांगत सुटली, "माझ्या हातच्या बॅटरीनं धरला."

नाशिकला डॉक्टर व्यासपीठावर उभे राहिले. पहिला निबंध त्यांनी तसाच वाचून दाखवला आणि शेवटी शांतपणे म्हणाले, "हे सगळे आकडे समाधान नावाच्या एकाच माणसाचे आहेत." सभागृह हसलं, पोट धरून हसलं. डॉक्टरांनी हातातले कागद बदलले. मग त्यांनी दुसरा निबंध वाचला: खरे दाब, वेळेत सापडलेले चट्टे, आणि ते शोधणाऱ्या बायकांची नावं, एकेक करून. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. शेवटी सर उठून उभे राहिले. "खैरनार," ते म्हणाले, "तुमच्या त्या जंगलात मला एकदा न्या."

परतल्यावर कारखान्याच्या अंगणात सत्कार झाला. डॉक्टरांना शाल, मीनाक्षीताईंना साडी, बायकांना एकेक नवी बॅटरी. तानूबाईनं ती मिळाल्या मिळाल्या अनंतरावांच्या तोंडावर मारून पाहिली. इथे छत नव्हतं. डॉक्टरांनी हात उंचावला आणि ते म्हणाले, "आज मी अभिमानानं सांगतो, या कारखान्यात तपासायचा राहिलेला एकही माणूस नाही."

टाळ्या ओसरल्यावर समाधान मागच्या रांगेतून वाट काढत पुढे आला. शालीखालचा डॉक्टरांचा हात त्यानं हळूच हलवला.

"सायेब, तुम्ही खोल्यांवर आलात तेव्हा दर वेळी मी कोणाच्या तरी बदलीला इथे यंत्रावर पाळी करत होतो," तो म्हणाला आणि त्यानं बाही वर सारली. "एकदा माझ्या नावानं मोजता का?"