गोल सह्यांचा कागद

आप्पाराव मॅनेजरने कागद उलगडला आणि भिंतीला टेकवून धरला. भिंतीवर हातभर उंच अक्षरांत लिहिलेलं होतं, 'इथे विडी ओढाल तर सगळेच जळाल.' कागद त्याने बरोबर 'जळाल'च्या खाली धरला होता.

"बघा बरं सगळ्यांनी," तो म्हणाला. "ह्यो भिंतीवरचा ळ, आन् ह्यो कागदातल्या 'जाळी'तला ळ. दोन्हीला सारखीच शेपटी. जुळे भाऊ वाटायलेत का न्हाई?"

जिनिंगच्या पटांगणात एकवीस कामगार उभे होते. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बन्सीने दोन्ही ळ ओळखले, दोन्ही त्याच्याच हातचे होते. पहिला कोण आणि शेवटचा कोण ते कळू नये म्हणून कागदावर सगळ्यांनी गोलाकार सह्या केल्या होत्या. एवढी अक्कल चालवली आणि मजकूर लिहायला मात्र बन्सीला बसवलं! ज्याच्या अक्षराने सबंध जिनिंगच्या भिंती रंगलेल्या, त्यालाच. एकवीस डोक्यांत एकालाही हे सुचू नये? खुद्द बन्सीलाही सुचलं नव्हतं. उलट लिहून झाल्यावर त्याने कागद लांब धरून ओळी सरळ आल्यात ना, ते कौतुकाने पाहिलं होतं.

माजलगाव रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये बन्सी एकोणतीस वर्षं मार्का मारत होता. प्रेसमधून रुईची गाठ बाहेर पडली, की तिच्या कापडावर ब्रशने नंबर आणि वजन टाकायचं, हे त्याचं काम. दुसरीकडे पत्र्याचे छाप वापरत. इथे बन्सीचा हात होता, छापाची गरजच नव्हती. तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीचे फलक लिहून लिहून तो हात बसला होता. परगावचे व्यापारी गाठीवरचा आकडा पाहून माल कुठला ते ओळखत. बन्सीच्या आयुष्यात याहून मोठं काही घडलं नाही, आणि त्याबद्दल त्याची फारशी तक्रारही नव्हती.

मग यंदा हंगामाच्या तोंडावर शेठच्या मुलाने पुण्याहून एक सर आणले. कामगारांना प्रेरणा द्यायला म्हणे. सरांनी मिशीवाल्या बाप्यांना फुगे फुगवायला लावले. डोळे बांधून पाठीवर पडा, मागचा माणूस झेलेल, असाही एक खेळ घेतला. बन्सी जीव मुठीत धरून मागे पडला आणि प्रेसवरच्या तानाजीने त्याला अल्लद झेललं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "निर्णय वरून येता कामा नये, तो तुमच्यातून आला पाहिजे," सर म्हणाले. जाताना ऑफिसच्या दाराशी सूचनांची पेटी टांगून गेले. नाव लिहायची गरज नाही, असंही सांगून गेले.

गरीब माणसं खुळी नसतात, पण चांगलं बोलणाऱ्यावर लवकर विश्वास ठेवतात. चार दिवसांनी चहाच्या सुट्टीत तानाजीनेच विषय काढला.

"आता न्हाई बोललो तर कवा बोलायचं? स्क्रूवर जाळी बसवा म्हणून लिवून टाकू. सगळ्यांनी मिळून."

सरकी पुढे ढकलणारा तो लांब मळसूत्री दांडा, त्याला सगळे स्क्रू म्हणत. तो उघडाच फिरायचा. मागच्या हंगामात त्याने भिवराबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. बाई विधवा, पोरगी बीडला नर्सिंगला. पट्टी सुटल्यावर तिला पुन्हा त्याच स्क्रूवर बसवलं, आणि कामावर ठेवलं हेच उपकार असं वर ऐकवलं.

"सही कशी करू? मी तर अंगठेवाली," भिवराबाई तेव्हा म्हणाली होती.

बन्सीने मनावर घेतलं. "अंगठा न्हाई उठवायचा, बाई. बोटं तुमची गेलीत. नाव तुमच्या हातानं आलं पायजे."

कागद तिच्यासाठी दोन आठवडे थांबला. रोज चहाच्या सुट्टीत बन्सी तिला तीन अक्षरं शिकवायचा. स्क्रूमागच्या भिंतीवर, पोत्यांच्या आडोशाला, ती डाव्या हाताने खडूने गिरवायची. 'भि' पडायचा, 'व' पालथा व्हायचा. मग एके दिवशी तिघंही सरळ उभे राहिले आणि बाई तोंडाला पदर लावून लहान मुलीगत हसली. त्या गोलात तिची सही सगळ्यात मोठी होती. त्याच संध्याकाळी कागद पेटीत पडला.

ती सही आता आप्पारावच्या हातात होती.

"सरांनी शिकवलंय ना, सगळ्यांनी मिळून ठरवायचं? मग ठरवू की," आप्पाराव म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "ज्याला ह्यो कागद मान्य हाय, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बन्सीला वाटलं, एक कुणी केला की आपण करू. प्रत्येकाला तेच वाटत असणार. बाहेर फाटकाशी रोजंदारीवर यायला तयार असलेली माणसं रोज सकाळी उभी असत, ती सगळ्यांनाच दिसत होती.

"तानाजी, तुजी सही हाय न्हवं ही?"

"हाय, साहेब." तानाजी चपलेकडे बघत म्हणाला. "पर काय लिवलंय ते मी वाचलं न्हवतं."

बांध फुटायला तेवढं पुरलं. नवनाथ म्हणाला, बन्सीदादा म्हणले म्हणून केली. हनुमान म्हणाला, मला वाटलं सुट्टीचा अर्ज हाय. एकेकजण मोकळा होत गेला. बन्सीला राग आला नाही. फक्त मागे पडताना पाठीखाली हात नसला की कसं वाटतं, ते त्याला कळलं.

"आन् जिच्यासाठी ह्यो सगळा खटाटोप," आप्पाराव वळला, "ती बाई काय म्हणती?"

भिवराबाईने दोन बोटं नसलेला हात पदराखाली घेतला. तिने बन्सीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मला कुठं सही येती, साहेब? मी अंगठेवाली. हजेरीच्या मस्टरात बघा की. कुणीतरी माज्या नावानं काढली आसंल."

बन्सीच्या डोळ्यांसमोर ती तीन अक्षरं आली, आणि मागून आली तिची पोरगी, पांढऱ्या कपड्यांत, बीडच्या बसला हात करणारी. तो दोन पावलं पुढे झाला.

"व्हय, साहेब. बाईची सही मीच काढली. कागद बी मीच लिवला. बाकीच्यांला काय म्हाईत न्हाई."

"म्हंजे वर खोटी सही?"

"व्हय."

आप्पारावने कागदाची नीट चौपदरी घडी घातली. "पोलिसांत देत न्हाई, जुना माणूस हाय म्हणून. पर ब्रशला पुन्हा हात लावायचा न्हाई. उद्यापास्नं स्क्रूवर बस. तुला तिथलीच लई काळजी हाय."

संध्याकाळी जिनिंगच्या मोबाइल ग्रुपवर आप्पारावचा निरोप आला, गैरसमज दूर झाला, आपण सगळे एक परिवार आहोत. खाली एकोणीस जणांनी अंगठा उठवला. बन्सीने मोबाइल उशाशी पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रेसजवळून जाताना त्याला नवे कोरे पत्र्याचे छाप दिसले. तानाजी गाठीवर छाप धरून शाई फासत होता आणि आकड्यांच्या कडा फुटत होत्या. 'ब्रश आधी निथळू दे, बे,' हे बन्सीच्या ओठांवर आलं, पण तो तसाच पुढे गेला. तानाजीनेही मान वर केली नाही.

स्क्रू सुरू व्हायला अजून वेळ होता. पोत्यांच्या मागे भिवराबाई ओलं फडकं घेऊन भिंत पुसत होती. ओळीने गिरवलेली पडकी, पालथी नावं एकेक करून जात होती. बन्सी आलेला पाहून तिचा हात थांबला.

"कुणी बघितलं तर, भाऊ," ती म्हणाली. "पोरीचं आजून एक वर्स ऱ्हायलंय."

"बरं केलं, बाई."

"माजं तोंड बगू नका."

भिंतीवर आता एकच नाव उरलं होतं, सगळ्यात शेवटचं, तिन्ही अक्षरं सरळ उभी असलेलं. बाईने फडकं दोनदा उचललं आणि दोनदा खाली घेतलं.

"ह्ये तुमी पुसा, भाऊ. माजा हात जात न्हाई."

बन्सीने फडकं घेतलं. एकोणतीस वर्षांत त्याने इथे लिहिलेलं काही पुसलं नव्हतं. त्याने आधी 'रा' पुसला, मग 'व', मग 'भि', आणि ओली भिंत कोरड्या बाहीने टिपून घेतली. तेवढ्यात यंत्राचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

"बाह्या वर घ्या," भिवराबाई सरकून जागा करत म्हणाली.

त्याने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि तिच्या शेजारी बसून उघड्या स्क्रूत सरकी लोटायला सुरुवात केली.