धाकटीची नागीण

माझ्या धाकट्या जावेच्या, क्षितिजाच्या, कमरेवर नागीण उठली, तर भावोजी त्याच संध्याकाळी तिला माणिकपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मला झाली होती तेव्हा सासूबाईंनी गेरूचा लेप लावला आणि आमच्या ह्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. फोड सुकले. आग मात्र तीन वर्षं झाली तरी आहे, नुसता पदर घासला तरी जीव जातो. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आज क्षितिजा गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्याकडे आली.

"डॉक्टर म्हणतात, तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर मागे दुखणं राहायची भीती कमी. आई म्हणतात, औषधानं नागीण आत शिरते. ताई, तुम्ही गेरूनंच बऱ्या झालात ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मग डोळ्यांसमोर दिसलं, ही वर्षानुवर्षं कण्हतेय, भावोजी पाठीशी उशी सरकवतायत, सासूबाई पेज भरवतायत. माझं दुखणंसुद्धा या घरात तिलाच शोभलं असतं.

"गोळी घे," मी म्हणाले, आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले.