क्लचची गाडी

वॉरेन हुडाकने एकतीस वर्षांत निम्म्या गावाला क्लच शिकवला, पण घरातल्या एका बाईला काही त्याला शिकवता आलं नाही. ती बाई म्हणजे त्याची बायको डार्लीन. लग्नानंतरच्या एका रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्याने प्रयत्न केला होता. अर्ध्या तासात तिने गाडी नऊ वेळा बंद पाडली. नवव्यांदा त्याने एक लांब उसासा टाकला, तशी ती दार आपटून उतरली आणि दोन मैल चालत घरी गेली. त्या उसाशाबद्दल तिने त्याला अजून माफ केलं नव्हतं.

एरी सरोवराच्या काठी, ओहायोतल्या त्यांच्या गावच्या तंत्रशाळेत वॉरेन मोटारदुरुस्ती शिकवायचा. त्याच्या वर्गाचा एकच कायदा होता: ज्याच्या हातून गाडी बंद पडेल त्याने सोमवारी सगळ्यांसाठी डझनभर डोनट आणायचे. वॉरेन कधी ओरडायचा नाही. "सोमवारी काय?" एवढंच विचारायचा, की समोरच्याचे कान लाल व्हायचे.

निवृत्त झाल्यावर एक छोटी, लाल, दोन दारांची, झटक्यात पळणारी गाडी घ्यायची हे दोघांचं फार जुनं ठरलेलं होतं. लाल रंगावर एकमत होतं आणि तिथेच ते संपत होतं. डार्लीनला नवी हवी होती, वॉरेनला जुनी. कारण कंपनीने गेल्या वर्षापासून या गाडीला क्लच देणंच बंद केलं होतं. नव्या गाड्या सगळ्या ऑटोमॅटिक.

या एका गोष्टीवरून त्यांनी अख्खा हिवाळा घर डोक्यावर घेतलं. शुक्रवारी स्लोव्हाक समाजाच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला जमणाऱ्या मंडळींतही दोन तट पडले.

"दहा वर्षांची हमी आहे नवीला," डार्लीन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "सीट गरम होते. मागचं दिसायला कॅमेरा आहे. आणि हे महाशय दुसऱ्याने वापरून टाकलेली गाडी आणणार."

"ज्या गाडीला क्लच नाही तिला जत्रेतली गाडी म्हणतात," वॉरेन माशावर लिंबू पिळत म्हणायचा. "नाणं टाका आणि बसा."

डार्लीनला या भांडणाची मजा वाटायची, खोटं कशाला बोला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात भांडायला इतका निरुपद्रवी विषय क्वचितच मिळतो. त्या हिवाळ्यात खरा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. वॉरेन आळशी झाला होता. जिन्यावरून उतरताना डावा बूट फटाफट आपटायचा. "पाय उचलून टाक की जरा, म्हाताऱ्या," असं ती रोज एकदा तरी म्हणायचीच. फेब्रुवारीपासून तर त्याने गाडीच्या किल्ल्याही तिच्या हातात द्यायला सुरुवात केली होती. डोळ्यांवर ताण येतो म्हणे. निवृत्त माणसाची सगळी थेरं, असं ती बहिणीला फोनवर म्हणाली होती.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दोघं शेवटी गाड्यांच्या दुकानात गेली. सरोवरावरून बोचरा वारा येत होता. आवारात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी धुऊनपुसून उभ्या होत्या, दोन्ही लाल. विकणारा डेरिक हा वॉरेनचाच जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेला आणि दोन मुलींचा बाप.

"सर, ही बघा तुमची," डेरिक म्हणाला. "सहा वर्षं जुनी. दक्षिणेकडून, कॅरोलायनाहून आलीय. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. खाली वाकून बघा, गंजाचा ठिपका सापडला तर मी टाय खाईन."

"तुझ्या टायवर आधीच काय काय आहे ते दिसतंय मला," वॉरेन म्हणाला.

तो जुन्या गाडीत बसायला गेला. बसताना त्याने डावा पाय गुडघ्याखाली हात घालून उचलला आणि आत ठेवला. डार्लीनने ते बघितलं. "सांगितलं होतं ते जड बूट घालू नकोस म्हणून," ती म्हणाली. वॉरेनने दार लावून घेतलं.

गाडी सुरू झाली, एक हिसका देऊन पुढे सरली आणि बंद पडली. डेरिकला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग तो हसायला लागला. वॉरेनने पुन्हा सुरू केली. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा डेरिकने खिडकीवर टकटक केली.

"सर, सोमवारी काय?"

डार्लीन तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नऊ वेळांचं उट्टं आज फिटत होतं. वॉरेनने किल्ली फिरवून इंजिन थांबवलं.

"क्लच गेलाय हिचा," तो म्हणाला. "नवी घेऊ."

"काय म्हणालास?"

"नवी घेऊ म्हटलं. तू जिंकलीस."

डार्लीन आत ऑफिसमध्ये गेली ती नाक वर करूनच. डेरिकने कागद काढले, कॉफी आणली. ती एकीकडे सह्या करत होती आणि एकीकडे पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती. डेरिक मात्र पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"मिसेस हुडाक," तो शेवटी म्हणाला, "त्या गाडीचा क्लच गेलेला नाही. मी काल स्वतः चालवलीय. लोण्यासारखा आहे. माझी धाकटी दाबेल इतका हलका."

"मग हा काय खोटं बोलतोय?"

"सर गाड्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत," डेरिक म्हणाला आणि खाली बघू लागला.

डार्लीनने काचेतून बाहेर बघितलं. वॉरेन अजून त्याच गाडीत होता. ती कोट न घालताच बाहेर गेली. गाडी बंदच होती. वॉरेनने दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर ठेवले होते आणि सगळं अंग वाकवून तो पाय खाली रेटत होता. पेडल अर्धं खाली जाई आणि पाय बाजूला घसरे. तो पुन्हा उचलून ठेवी. ती दाराशी उभी आहे हे त्याला कळलंच नाही.  फटाफट आपटणारा तो बूट तिला ऐकू यायला लागला, अख्ख्या हिवाळ्याचा.

ती पलीकडून येऊन शेजारच्या सीटवर बसली.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर." त्याने हात गुडघ्यावरून काढले. "फेब्रुवारीत क्लीव्हलँडला डॉक्टरांना दाखवलं. भावाकडे जातो म्हणालो होतो ना, तेव्हा. नसांचं आहे. आधी पाय, मग हात, मग बोलणं. गाडी चालवू नका म्हणाले तेव्हाच. मला वाटलं, एक चक्कर तरी मारता येईल. आवाराला एक चक्कर."

"औषध?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"आणि मग सगळा हिवाळा भांडलास कशाला माझ्याशी? क्लच, क्लच करत?"

"मी भांडायचा थांबलो असतो तर तुला कळलं असतं," वॉरेन म्हणाला.

 पाय उचलून टाक, म्हाताऱ्या. हे डार्लीन रोज म्हणाली होती, जेवताना, पाहुण्यांसमोर, चर्चच्या पायऱ्यांवर, आणि तो दर वेळी "हो गं" म्हणाला होता. आपली जीभ कापून टाकावी असं तिला वाटलं.

"नवीच घे," तो म्हणाला. "दहा वर्षांची हमी आहे तिला. माझी नाही. तुला एकटीला चालवता येईल, बर्फात सुद्धा. मी कॅमेरा पण बघून ठेवलाय, चांगला आहे."

ती उतरली, आत गेली, डेरिकच्या टेबलावरचे सही केलेले कागद उचलले आणि दोन तुकडे करून त्याच्यापुढे ठेवले. "जुनी," ती म्हणाली. डेरिकने जुनीचे कागद काढले.

वॉरेन मात्र चिडला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुला येत नाही चालवता."

"मग शिकव. अख्ख्या गावाला शिकवलंस."

"तू नऊ वेळा—"

"मोजून लक्षात ठेवलंयस म्हणजे. सरक तिकडे."

त्याला पलीकडच्या सीटवर बसवायला तिने आणि डेरिकने मिळून दहा मिनिटं घेतली. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्यावर आपलं वजन टाकलं. तो तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलका लागला.

शाळेचं पार्किंग दुकानाच्या मागेच होतं. तिथवर जाईपर्यंत गाडी पाच वेळा बंद पडली. वॉरेनने एकदाही उसासा टाकला नाही. सहाव्यांदा ती चालू राहिली. गिअरचा दांडा डार्लीनच्या उजव्या हाताला सापडेना, म्हणून वॉरेनने आपला डावा हात त्यावर ठेवला.

"तू फक्त पाय बघ," तो म्हणाला. "क्लच."

तिने दाबला. त्याने दुसरा गिअर टाकला. गाडी रिकाम्या आवारात पळायला लागली, बास्केटबॉलच्या खांबाला वळसा घालून, त्याच्या जुन्या वर्गाच्या खिडक्यांसमोरून. वॉरेनचा चेहरा तिने हळूच बघितला. तो हसत होता, शाळेत पहिल्या दिवशी हसत असेल तसा.

"जूनपर्यंत दांड्याचं पण शिकून घे," तो म्हणाला.

"जूनच का?"

"तोवर हात चालेल म्हणतात."

तिने पुढे बघितलं. पुढे काही नीट दिसत नव्हतं, पण आवार मोठं होतं.

"क्लच," वॉरेन म्हणाला. तिसरा पडला. गाडीने वेग घेतला, आणखी एक वळसा झाला, इंजिनचा आवाज चढत गेला. दांड्यावरचा त्याचा हात चौथ्यासाठी तयार होता. बोटं थरथरत होती, हे तिला आता दिसलं.

"क्लच, डार्लीन."

तिने पाय हलवला नाही.

"क्लच दाब. चौथा मागतेय ती. ऐक ना, रडतेय गाडी."

"रडू दे," डार्लीन म्हणाली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून तिने तिसऱ्यातच आणखी एक वळसा घेतला.