अकरा एकांची संख्या

१९५३ सालची गोष्ट. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेले अँब्रोस पास्को सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ओळीने अकरा एक लिहिले की होणारी संख्या मूळ आहे, ती कशानेच भागली जात नाही, असं ते कितीतरी वर्षं मुलांना सांगत आले होते. तिचा मूळ भाजक असलाच तर तो बावीसच्या पटीत एक मिळवून येणार, एवढं त्यांनी सिद्ध केलं होतं. मग लाखाच्या थोडं पुढपर्यंत तशा हजारेक मूळ संख्यांनी हाताने भागून पाहण्यात नऊ वर्षं गेली. सर भागत आणि त्यांची बायको लविनिया अंकांच्या बेरजा करून नवांचा ताळा घेऊन पानावर बरोबरची खूण करी. तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

शिक्षकांच्या मासिकाला पाठवण्याआधी एकदा यंत्रावर पडताळून बघ, म्हणून त्यांनी वह्या थेल्मा होस्किंगला दिल्या. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, ॲडलेडच्या एका कचेरीत आकडेमोडीच्या यंत्रावर काम करायची. रोज जेवणाच्या सुट्टीत ती हँडल फिरवत बसे. तिसऱ्या आठवड्यात २१६४९ ला बाकी शून्य आली. तिने तीनदा फिरवून पाहिलं.

शनिवारी ती वॉलरूला गेली. सरांची बहीण हेस्टर स्वयंपाकघरात मांस-बटाटा भरून भाजायच्या पेस्टीचं पीठ लाटत होती. थेल्माचा चेहरा बघून तिने ओळखलं.

“सांगू नकोस गं. तेवढ्यावरच तर जीव धरून आहे तो.”

आतून सरांनी हाक मारली. “काय गं, यंत्र दमलं की तू?”

खोटं बोलायचं ठरवूनच थेल्मा आत गेली होती. त्यांच्यासमोर ते जमेना.

“सर, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. नि:शेष भाग जातो.”

सरांनी तिच्या हातातल्या वह्यांकडे बोट केलं. मग म्हणाले, “पान काढ.”

पानावर एका पायरीला बाकी ५१७४ आली होती; पुढच्या ओळीत ती ५१४७ उतरली होती. खाली लविनियाची खूण.

“तिच्या नजरेतून सुटलं म्हणायचं,” सर म्हणाले. भाजक सापडल्याचं कळलं तेव्हासुद्धा त्यांचा आवाज इतका खोल गेला नव्हता.

“नाही सर. बाईंचा ताळा बरोबर आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी त्यांची बेरीज तीच राहते, नवांच्या ताळ्याला ती चूक सापडतच नाही. तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

“शिकवलं खरं. आणि मीच गाढव विसरलो.” त्यांनी पेन्सिल मागितली. सगळा भागाकार पुन्हा केला, शून्यापर्यंत. “तिच्या खुणेला हात लावू नकोस. माझ्या ओळीखाली लिही, चूक माझी. आणि मासिकाला भाजक कळव.”

सर ऑक्टोबरात गेले. मासिकाने कोपऱ्यात चार ओळी छापल्या. हेस्टर पुढे जवळच्या मूंटा गावी भाचीकडे राहिली. थेल्माशी ती दोन वर्षं बोलली नाही, नंतर बोलू लागली. थेल्माने लग्न केलं नाही. कचेरीत विजेची यंत्रं आली तशी ती नोकरी सोडून पोर्ट पिरीच्या शाळेत गणित शिकवायला गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली.