एका लाटेवर अकरा जण

देविदास राठोड गोव्याहून परत आला तेव्हा जीपच्या टपावर त्याच्या बोचक्याशेजारी एक पांढरी, लांबट, शेपटीकडून तुटलेली फळी बांधलेली होती. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर ती खाली उतरवताना पाचसहा जण गोळा झाले. कुणी म्हणालं, दवाखान्यातलं स्ट्रेचर आहे. कुणी म्हणालं, इस्त्रीचं टेबल, पाय तेवढे गळालेत. देविदासनं फळी उचलून खांद्यावर घेतली. खरं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

हे १९९९ सालच्या डिसेंबरातलं. देविदास तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. आपल्या बंजारा तांड्यावरच्या पाचसात माणसांबरोबर तो दोन हिवाळे गोव्यात समुद्राकाठी एका हॉटेलची भिंत बांधायला गेला होता. दुपारच्या सुट्टीत बाकीचे सावलीला आडवे व्हायचे आणि हा वाळूत बसून गोऱ्या लोकांचा खेळ बघायचा. ते फळीवर पोटावर झोपून आत जात, लाट आली की झटकन उभे राहत आणि तिच्यावरून घसरत काठापर्यंत येत. पुन्हा आत. दिवसभर एवढंच. देविदासची सुट्टी संपायची तरी नजर हटायची नाही.

त्यांच्यात एक म्हातारा होता. त्याचं नाव देविदासला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. एक दिवस त्या म्हाताऱ्याची फळी दुसऱ्या कुणाच्या तरी फळीवर आदळून मोडली. तो ती ओढत बाहेर आला आणि देविदासच्या शेजारी बसला.

"दस साल पहले इधर चार आदमी था," तो तुटक हिंदीत म्हणाला. "चार आदमी, पूरा समुंदर. अब देखो. स्कूल, दुकान, किराया. एक लहर पे बीस लोग."

"पहला दुकान किसने खोला?" देविदासनं विचारलं.

म्हाताऱ्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि खो खो हसला. देविदासही हसला. जाताना म्हाताऱ्यानं मोडकी फळी त्यालाच देऊन टाकली.

आता हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? पण तांड्यापासून अर्ध्या कोसावर धरणाचा कालवा होता. उतारावर एके ठिकाणी तो एकदम पुरुषभर खाली उतरायचा. तिथं सिमेंटची पायरी बांधलेली होती, आणि गव्हासाठी पाणी सुटलं की पायरीच्या खाली पाणी दाबानं उसळून एक लाट उभी राहायची. समुद्राची लाट येते आणि जाते. ही जागची हलत नव्हती. पाणी तिच्यातून पुढं जायचं, लाट तिथंच. रुंदी म्हणाल तर दोन बैलगाड्या शेजारी लावल्यासारखी. तांड्यावरची माणसं जन्मभर तिच्याशेजारी धुणं धूत आली होती, पण तिच्यावर उभं राहता येईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

जानेवारीत पाणी सुटलं आणि देविदास फळी घेऊन कालव्यावर गेला. वरच्या लहान पुलाला त्यानं दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक हातात धरून पाण्यात उतरला. पहिल्याच झटक्यात फळी एकीकडं, तो एकीकडं. असं वीसएक वेळा झालं. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी संतराम सायकल लावून बघत उभा होता.

"काय करून राहिला रे?"

"उभा राहून राहिलो, मामा."

"मला तर तू पडूनच राहिलेला दिसतो."

तेरा दिवस देविदास पडला. चौदाव्या दिवशी त्याचे पाय फळीवर टिकले. त्यानं दोर सोडला तरी तो वाहून गेला नाही. खालून पाणी धावत होतं आणि तो जागच्या जागी उभा, हात पसरून, जणू कुणी धरून ठेवल्यासारखा. मोजून दहा श्वास. मग पडला. धुणं धुणाऱ्या बायका हातातलं धुणं सोडून उभ्या राहिल्या होत्या. त्यात त्याची बायको मिना होती आणि त्याची आई जिवनबाईही होती.

त्या संध्याकाळी मिना म्हणाली, "मला बी बघायचंय."

"बघितलं की आज."

"तसं न्हाई. वर चढून बघायचंय."

देविदासनं आईकडं पाहिलं. जिवनबाई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पडली तर पाण्यातच पडंल ना? का खडकावर?"

मिना लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरली. पहिल्याच आठवड्यात ती उभी राहिली, आणि वर्षभरात देविदासपेक्षा तिचा तोल जास्त पक्का झाला. लहानपणापासून डोक्यावर दोन दोन हंडे घेऊन उतार चढलेली बाई ती. देविदास लाटेशी भांडायचा, हात हलवायचा, वाकायचा. मिना नुसती उभी राहायची. गुडघे जरासे सैल, नजर समोर. लाटेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती सरकत जायची आणि परत यायची. संतराम म्हणायचा, "ही पोरगी पाण्याला इस्त्री करती."

दोन-तीन वर्षं असंच चाललं. पाणी सुटलं की तांड्यावरची पाचसात माणसं जमायची, एक उतरला की बाकीचे कालव्याच्या भिंतीवर बसायचे, तो पडला की दुसऱ्याची बारी. भांडण कशाचं करणार? फळी एकच होती.

२००३ च्या हिवाळ्यात बाळापूरचा सोमेश्वर तिथं आला. त्याचं फर्निचरचं दुकान होतं. पलंग, कपाटं, लग्नाचे दिवाण. माणूस बोलायला गोड, आणि डोकं सदा चालू. तो पुलावर उभा राहून तासभर बघत राहिला, मग देविदासच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला,

"देविदास, असल्या फळ्या मी करून देतो. प्लायवूड, वरून रंग, खालून लाख. लोकायला भाड्यानं देऊ. तू शिकव. रोजचा पगार घे. गोव्याला जायची तकलीफच न्हाई."

गोव्याला जायचं नाही, हे ऐकूनच देविदासचा होकार झाला. मिनाला त्यानं घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "चांगलंय की." तिलाही तेव्हा चांगलंच वाटलं होतं.

सोमेश्वरनं आधी चार फळ्या केल्या. मग बाळापूरच्या चौकात देविदासचा लाटेवर उभा असलेला फोटो लावला, पेंटरकडून रंगवून. त्यात देविदासला मिशा जास्त होत्या आणि लाट डोंगराएवढी. खाली लिहिलं होतं : "लाटेवरची सवारी. आपल्या जिल्ह्यात प्रथमच." पुढच्या महिन्यात जीपा यायला लागल्या. कळमनुरीहून, हट्ट्याहून, एक तर थेट सेनगावकडच्या गोरेगावहून. चार फळ्यांच्या बारा झाल्या, बाराच्या वीस. सोमेश्वरनं काठावर मांडव घातला. एका अंगाला भज्यांची गाडी आली, दुसऱ्या अंगाला उसाचा रस.

फळ्या वीस झाल्या, पण लाट तेवढीच होती. दोन बैलगाड्यांची.

देविदासनं पहिल्यांदा रांग लावायचा प्रयत्न केला. पण ज्यानं तासाचं भाडं दिलंय तो रांगेत कशाला थांबेल? त्याचा तास काठावरच संपणार. म्हणून दोघं एकदम उतरायचे, मग चौघं. एक उभा राहायच्या आत दुसऱ्याची फळी त्याच्या नडगीवर. हट्ट्याच्या एका मास्तरांचा चष्मा वाहून गेला आणि त्यांनी तो थेट पुढच्या गेटपर्यंत पळत जाऊन धरला. बाळापूरच्या दोन सख्ख्या साडूंची लाटेतच बाचाबाची झाली आणि दोघं भांडत भांडत दोनशे पावलं खाली वाहून गेले. लोक हसायचे. देविदासही हसायचा. पण दिवस संपला की त्याच्या लक्षात यायचं, आज आपण स्वतः एकदाही उभे राहिलो नाही. मग त्याला गोव्याचा तो म्हातारा आठवायचा, छातीवर बोट ठेवलेला.

धुणं धुणाऱ्या बायकांना दगड सोडून खाली गढूळ पाण्यात जावं लागलं. मिना पाण्यात उतरायची बंद झाली. मग कालव्यावरच येईनाशी झाली. देविदासनं एकदा विचारलं, "काहून येत न्हाईस?" ती म्हणाली, "काम असतंय."

असं वर्ष गेल्यावर फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती आली. तिला राहवलं नसावं. दुपारच्या जेवणाला गर्दी जरा पांगली होती, तेवढ्यात तिनं जुनी मोडकी फळी घेतली आणि दोर धरून लाटेवर चढली. देविदास पुलावर होता. तिनं दोर सोडला, गुडघे सैल केले, एका कडेला सरकली. मांडवातले लोक भजी खाता खाता बघायला लागले. आणि एवढं सोपं दिसतंय म्हटल्यावर तिघं फळ्या घेऊन एकदम धावले. दोघं पाण्यात पडायच्या आधीच एकमेकांवर पडले. तिसऱ्याची फळी सुटली आणि सरळ मिनाच्या घोट्यावर बसली.

ती पडली, पोहत काठाला आली. घोटा सुजला होता, हाड शाबूत होतं. देविदास धावत आला तर ती लुगडं पिळत बसली होती.

"लई लागलं का?"

"न्हाई." पिळता पिळता ती म्हणाली, "तुमी लाट इकली न्हाई, मला ठाव हाय. लाट इकताच येत न्हाई. पण आमची बारी इकली तुमी."

देविदास ओल्या सिमेंटवर तिच्या शेजारी बसला. मग उठला आणि मांडवात जाऊन सोमेश्वरला म्हणाला, "फळ्या कमी करा. न्हाईतर उद्यापासून मी येत न्हाई."

"अरे, आत्ता तर धंदा जमून राहिला," सोमेश्वर म्हणाला. "गर्दी हाय म्हणूनच लोक येऊन राहिले. रिकाम्या जागी कोण येतं?"

जिवनबाई सुनेचा घोटा बघायला आली होती. ती काठी टेकत मांडवात शिरली.

"सोमेश्वर भाऊ, तुमी कधी चढले का लाटेवर?"

सोमेश्वर हसला. "मी? न्हाई बा. मला कुठं टाइम हाय."

"वरीस झालं इकून राहिले. हलवाई बी एक पेढा तोंडात टाकून बघतो. चढा एकदा. आत्ताच चढा, समदे उभे हायत तवर."

मांडवात पंचवीस-तीस माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. सोमेश्वरला पोहता येत होतं, त्यामुळे ती सबब नव्हती. त्यानं घड्याळ काढून भज्यावाल्याकडं दिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतःच्याच दुकानातली, स्वतःच रंगवलेली फळी घेऊन निघाला. मालक उतरतोय म्हटल्यावर बाकीचेही उतरले. कुणाचाच तास संपलेला नव्हता.

संतरामनं नंतर मोजून सांगितलं, अकरा जण होते. सोमेश्वर दोर धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता, तेवढ्यात त्याच दोराला आणखी दोघं लोंबकळले. एकाचं कोपर त्याच्या कानावर बसलं. एक फळी त्याच्या पाठीवरून गेली, दुसरी पोटाखालून. तो वर यायचा, "अरे थांबा, मी हाय," म्हणायचा आणि पुन्हा आत जायचा. शेवटी देविदासनंच उडी टाकून त्याला कॉलरला धरून काठाला आणलं. सोमेश्वरनं कालव्याचं बरंच पाणी पोटातून बाहेर काढलं. शर्टाची सगळी बटणं गेली होती.

"व्हयलं का उभं?" जिवनबाईनं विचारलं.

सोमेश्वर कान चोळत राहिला. मग त्याचं त्यालाच हसू फुटलं, आणि हसता हसता ठसका लागला.

"बाई, हे मी लोकायला इकून राहिलो व्हय? अन् लोक घेऊन बी राहिले?"

त्याच संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसून त्यांनी ठरवलं. ठरवताना देविदास होता, मिना सुजलेला पाय लांब करून बसली होती, आणि संतराम मध्ये मध्ये बोलत होता. फळ्या तीनच राहतील. तासाचं भाडं बंद, बारीचं घ्यायचं. लाटेवर एका वेळी एकच माणूस. तो पडेपर्यंत दुसऱ्यानं दोराला हात लावायचा नाही. आणि उन्हं चढेपर्यंतचं पाणी तांड्याचं. त्या वेळात भाड्याची फळी काठावर आणायचीच नाही.

"अन् बाकीच्या सतरा फळ्यायचं काय करू?" सोमेश्वरनं विचारलं.

"पलंग करा की," मिना म्हणाली.

त्यानं खरंच केले. त्या साली बाळापुरात लग्नात दिलेल्या काही पलंगांची डोक्याकडची बाजू गोल आणि निळी होती, ती का, हे फार थोड्यांना माहीत होतं. जीपा कमी झाल्या, पण बंद पडल्या नाहीत. बारीची वाट बघत बसलेला माणूस भजी जास्त खातो, हे सोमेश्वरच्या लवकरच लक्षात आलं आणि त्यानं गाडीच विकत घेतली. चौकातला फोटो त्यानं उतरवला नाही. फक्त पेंटरला बोलावून खाली एक ओळ वाढवली : "एका वेळी एकच."

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. लांबून आलेला एखादा तरणा मधेच उडी टाकायचा. मग भिंतीवर बसलेले सगळे नुसते त्याच्याकडं बघत राहायचे, तो बाहेर येईपर्यंत. बहुतेक जण पुन्हा तसं करत नसत. दोन वर्षं देविदासच शिकवत राहिला. गोव्याला तो परत गेला नाही.

फळ्या कमी केल्या त्याच साली उन्हाळ्याचं पाणी सुटलं तोवर मिनाचा घोटा पूर्ण बरा झाला होता. पहिल्या दिवशी सकाळी ती कालव्यावर गेली तेव्हा तांड्यावरच्या आणखी तिघी तिच्याबरोबर होत्या. दिपा म्हणून तिची चुलत नणंद तर नवरा गावाला गेल्याचं बघून आली होती. धुण्याचे दगड पुन्हा बायकांकडं आले होते. जिवनबाई सगळ्यात वरच्या दगडावर बसून कुणाची बारी कुणानंतर ते सांगत होती, आणि तिचं कुणी मोडत नव्हतं.

सोमेश्वर लवकर आला होता, मांडवाचे वासे बघायला. त्याला एवढ्यात उभं राहता येऊ लागलं होतं, तीन-चार श्वास तरी. तो देविदासजवळ भिंतीवर टेकला.

"तुझी बायको कवाची वर हाय रे?"

"मी आलो तव्हापासून."

"पडंल कवा?"

"सांगता येत न्हाई," देविदास म्हणाला, त्याला बसायला जागा केली आणि वरच्या दगडावरच्या आईकडं मान वळवली. "दिपाची बारी हाय तिच्यानंतर. मग याडीनं सांगितलं तर माझी."

खाली मिना लाटेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला निघाली होती. पाण्याच्या आवाजात तिला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.