सापडण्याचे ठिकाण : जैसलमेर

उंटकोळ्याच्या नावावर जाऊ नये. तो उंटाचा कुणी लागत नाही आणि धड कोळीही नाही. तोंडापुढे दोन दणकट जबडे, आणि नराच्या जबड्यावर केसाएवढा एक चाबूक. त्या चाबकाच्या वळणावरून प्रजाती ठरते. मी, चारुशीला रामटेके, नागपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सहा वर्षं तेच वळण पाहत होते.

माझे गाइड गणपतराव देवतळे. राजस्थानच्या वाळवंटात महिनाभर फिरून त्यांनी बाटल्या भरून आणल्या होत्या. त्यातल्या एका नराचा चाबूक कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. प्रजाती नवी होती! सर तो नर सकाळी वाटीत काढून देत, संध्याकाळी परत घेत आणि बाटली कपाटात कुलूपबंद करत. चोरीला जाईल म्हणे. कोण चोरणार होतं मेलं ते?

१९७१ च्या मे महिन्यात प्रबंध टाइपला द्यायचा होता. नर कुठे सापडला तेवढं लिहायचं राहिलं होतं. ठिकाणाशिवाय वर्णन पुरं होत नाही. पहिल्यांदाच बाटली माझ्या हातात आली, तर आतली चिठ्ठी कोरी. स्पिरिट तेवढं निळसर.

"मी तं सरले म्हटलं होतं बाई, चिठ्ठी पेन्सिलनं लिवा म्हणून," शिपाई रुपराव म्हणाला. "पण सरले आपला शाईचाच पेन पायजे."

सरांना ठिकाण आठवेना. "बिकानेर असेल, बाडमेर असेल. तू जैसलमेर लिही."

"सर, पण ते खोटं होईल."

"मग 'अज्ञात' लिही आणि बस आणखी सहा वर्षं. मी सही करणार नाही."

बाबा त्याच वर्षी खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त होणार होते. धाकट्या दोघी शिकत होत्या. माझी हंगामी नोकरी पदवीशिवाय पक्की होणार नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला सरांचा भयंकर संताप आला. त्याच संतापात मी जैसलमेर लिहिलं.

पदवी मिळाली. नोकरी पक्की झाली. वर्णन छापून आलं, पुढे मी विभागप्रमुखही झाले.

१९८१ साली जोधपूरहून पत्र आलं. ओमप्रकाश नावाचा कुणी संशोधक. माझ्या उंटकोळ्याची मादी शोधणं हा त्याच्या प्रबंधाचा विषय. तीन वर्षं तो जैसलमेर पालथं घालत होता. एकही सापडला नव्हता. त्याचे गाइड म्हणत होते, दोष तुझ्या शोधण्यात आहे. यंदा नाही सापडला तर काम बंद. 'मॅडम, नेमकी जागा फक्त तुम्हीच सांगू शकता.'

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या बिचाऱ्याला मीच सांगायला हवं होतं. सर वारले होते. खोटं आता माझं एकटीचं उरलं होतं. मी कागद घेतला. 'ते ठिकाण खरं नाही' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. दोन तास बसले. दाराच्या काचेवर रंगवलेलं माझं नाव खुर्चीतून उलटं दिसत होतं. मला स्वतःची किळस आली.

मग लिहिलं, 'प्रिय ओमप्रकाश, धीर सोडू नका. गावापासून आणखी थोडं पुढे जाऊन शोधा.'

सही केली आणि पत्र त्याच दिवशी टपालात टाकायला लावलं.