‘स्टिंजी’चं उदाहरण

इंग्रजीत ‘स्टिंजी’ म्हणजे कंजूष, चिक्कू. माणसासाठी वापरतात, आणि चांगल्या अर्थाने कधीच नाही. एवढं सांगून मी थांबले असते तर ताईच्या मुलाचं लग्न मोडायची वेळ आली नसती. पण मी पडले शिक्षिका. उदाहरण दिल्याशिवाय मला चैन पडतं कुठे!

शिक्षिका म्हणजे स्वयंघोषित. चीनमधल्या यीयांगच्या चटई कारखान्यात बावीस वर्षं मी परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर लेबलं चिकटवली. माझं इंग्रजी तिथलं. ‘उलटे ठेवू नये’ आणि ‘ओलाव्यापासून जपा’ एवढं मी लंडनच्या माणसासारखं म्हणते. बाकीचं टेपरेकॉर्डर आणि एका कव्हर फाटलेल्या शब्दकोशातून आलं. आता मोबाइलवर गट चालवते. रोज सकाळी एक शब्द, त्याचा अर्थ, उपयोग, उदाहरण. दोनशे चौदा विद्यार्थी, बहुतेक माझ्याच वयाचे. संध्याकाळी आठच्या आत प्रत्येकाने त्या शब्दाचं एक वाक्य टाकायचं. नियम एकच: वाक्य खरं हवं. खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही, असा माझा सिद्धांत आहे. सिद्धांत मांडायला शिक्षण लागत नाही.

तर मी खरं वाक्य दिलं. ‘माझी थोरली बहीण इतकी स्टिंजी आहे की चहाची वापरलेली पानं वाळवून त्यांचाच चहा पाहुण्यांना पुन्हा पाजते.’ खाली भराभर अंगठे आले. मी खूश.

दुपारी ताईचा फोन.

“पेइझी, काय लिहिलंस तू?”

“कुठे काय?”

“विहीणबाई म्हणतात, शुक्रवारचं जेवण राहू द्या, आम्ही जरा विचार करतो. आणि रविवारी आम्हाला पाजलात तो चहा कितव्या पाण्याचा होता, असंही विचारलं!”

शुक्रवारी दोन्ही घरं एका टेबलाशी बसून तारीख ठरवणार होती.

“त्यांना कुणी सांगितलं?”

“त्या तुझ्याच गटात आहेत, बयो! थोरला मुलगा कॅनडात, नातवाला आपली भाषा येत नाही, म्हणून शिकतायत.”

म्हणजे कॅनडातल्या नातवाची वाक्यं टाकणारी, कमळाचं चित्र लावलेली, ‘शांत सरोवर’ नाव घेतलेली बाई! माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी.

“पण ताई, मी नाव कुठे लिहिलं?”

“तुला बहिणी किती?”

“एक.”

“मग! आणि रविवारी चहाचं पाकीट मी त्यांच्यासमोर फोडलं होतं. नवं कोरं!” ताईचा आवाज खाली आला. “माझा शाओकाइ सकाळपासून जेवला नाही. एकतिसाव्या वर्षी कुठे एक मुलगी त्याच्या विनोदांना हसली. निस्तर आता.”

दुसऱ्या दिवशी मी ‘जेनरस’ हा शब्द घेतला, म्हणजे उदार. ‘माझी थोरली बहीण फार जेनरस आहे.’

मिनिटभरात निवृत्त बसड्रायव्हर डेंगकाकांनी विचारलं, “लुओ बाई, वाक्य खरं आहे का?”

“ही तीच का, चहावाली?” दुसरं कुणीतरी.

“बाईंना एका रात्रीत नवी बहीण मिळाली!”

मग शांत सरोवर उमटलं. “नियम सगळ्यांना सारखाच ना, बाई?”

मी वाक्य पुसून टाकलं. दिवसभर भाजी चिरता-परतता ताईविषयी खरं काय ते आठवत बसले. आठवलं तेव्हा भाजी करपली होती.

तिसऱ्या दिवशी शब्द घेतला ‘थ्रिफ्टी’, म्हणजे काटकसरी. लिहिलं: ‘स्टिंजी’ माणूस दुसऱ्याच्या तोंडचं वाचवतो, ‘थ्रिफ्टी’ माणूस स्वतःच्या. उदाहरण एका वाक्यात बसेना, म्हणून चिनीतच लिहीत सुटले.

‘माझी थोरली बहीण थ्रिफ्टी आहे. कारखान्यात बांबू चिरायला मिळणारे सुती हातमोजे तिने दोन वर्षं घातलेच नाहीत. उघड्या हातांनी बांबू चिरला. छत्तीस जोड उसवून त्या सुताचा मला स्वेटर विणला, कारण माझ्या शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. तिच्या तळहातांवर कुसळांच्या खुणा अजून आहेत. त्या शाळेत मी नापास झाले. चहाचंही खरं आहे, पण ती स्वतः नुसतं गरम पाणी पिते. चहा घरात येतो तो पाहुण्यांसाठीच. हे मी परवा लिहायला हवं होतं. लोक हसतात ते आधी सुचतं मला.’

अंगठा एकही आला नाही. मी शंभरदा मोबाइल बघितला. वर्ग घेतेय की परीक्षा देतेय, कळेना.

आठला पाच मिनिटं कमी असताना शांत सरोवरचं वाक्य आलं, सगळं इंग्रजीत: ‘नवऱ्या मुलाची आई थ्रिफ्टी आहे, पण त्याची मावशी शब्दांच्या बाबतीत मुळीच थ्रिफ्टी नाही.’

इतका अचूक उपयोग मी कधी शिकवलाच नव्हता.

पाठोपाठ ताईचा फोन. “शुक्रवारचं ठरलं. चांगला कोट घालून ये, आणि तिथे तोंड फक्त जेवायला उघड.”

“बरं.”

“हातमोज्यांचं कशाला लिहिलंस? कारखान्याचा माल होता तो. सगळ्या जगाला कळलं.”

“चाळीस वर्षं होत आली, ताई.”

“तरी.”

ती फोन ठेवेना. मीही ठेवेना. मग तिने हळूच विचारलं, “त्या स्वेटरने फार खाजायचं का गं?”

“फार,” मी म्हटलं.